ओमेरचा आकडा

परवा ओमेरला राहणारी भाची दिमोनाला आमच्याकडे आली आणि बसल्याबरोबर म्हणाली, “मावशी, आमचे गाव सगळ्यांत वरच्या एश्कोलांत आहे. तुमचे कितवे?” जणू मी परीक्षेत नापास झाले होते!

तिथले पुष्कळ लोक असेच बोलतात. केंद्रीय सांख्यिकी खाते लोकांचे वय, शिक्षण, रोजगार आणि राहणीमान पाहून गावांना १ ते १० अशा वर्गांत बसवते. सरकारी मदत कुणाला अधिक द्यावी, हे ठरवताना तो आकडा वापरतात. महाग घर घेऊ शकणारेच जिथे राहायला जातात, तिथला आकडा वर जाणारच. त्यात गावाचा पराक्रम कोणता? मी इतकी वर्षे नर्स होते, पण ताप नाही म्हणून तक्ता मिरवणारा रोगी कधी पाहिला नाही.

मात्र दिमोनातले आपले लोकही चुकतात. “आकडा गेला खड्ड्यात, आमच्याकडे मलिद्याला न बोलावता शेजार जमतो,” म्हणून समाधान मानतात. मलिदा मलाही प्रिय आहे. पण रात्री छातीत कळ आली तर? दिमोनात रुग्णालय नाही. बेरशेबाचे रुग्णालय तीस किलोमीटरहून दूर. ओमेरहून मात्र अगदी जवळ. आमच्या वॉर्डात दोन्ही गावांचे रोगी शेजारच्या खाटांवर असत. उशिरा पोचलेला बहुधा दिमोनाचा.

रात्री डॉक्टर आणि आणखी एक रुग्णवाहिका मिळावी, असा अर्ज मी नगरपालिकेसाठी लिहिला आहे. भाचीने सही केली. मलिद्याला जमणाऱ्यांपैकी आतापर्यंत चौघांनीच केली आहे.