सडपातळ देह आणि हृदयाभोवतीचा मेद

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्यांच्या बागांसाठी आणि कलमांच्या रोपवाटिकांसाठी वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. बहार तोडणीला आला की तेथील व्यापाऱ्याचा दिवस पहाटेच उगवतो आणि रात्री रोकड जुळेपर्यंत मावळत नाही. त्यातील बहुतेक तास मात्र गादीवर, गल्ल्यापाशी नाहीतर फोनवर बसूनच जातात. घरात मांस नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, अंगकाठीही सडसडीत. अशा घरातील कर्त्या पुरुषाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला म्हणजे समाचाराला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : “यांना कसे काय झाले?”

या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट पुण्यातून जाते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. त्याआधी, २००३ मध्ये, पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी झाली होती. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तिकडील बाळांचे ३.५ किलो होते. आपल्याकडची बाळे लहान होती, स्नायूंनी कमी होती. मेद मात्र त्या मानाने राखून होती. दिसण्यात बारीक आणि आतून मेदयुक्त असा हा देह जन्मापासूनच घडत असतो.

हे अभ्यास हृदयाभोवतीच्या मेदाचे नव्हते. परंतु वजनकाटा सगळे सांगत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पोटाच्या पोकळीत मेद वाढतो, तेव्हा हृदयाभोवतीही तो बहुधा वाढलेला आढळतो. हृदयाचा स्नायू आणि त्यावरील आवरण यांच्यामध्ये मेदाचा एक थर प्रत्येकाच्याच शरीरात असतो. मर्यादेत असता तो उपकारक ठरतो : हृदयाला ऊर्जा पुरवतो, करोनरी धमन्यांना आधार देतो. त्याच्या आणि हृदयस्नायूच्या मध्ये कोणताही पडदा नसतो, रक्तपुरवठाही दोघांचा सामाईक असतो. म्हणून तो प्रमाणाबाहेर वाढला की त्यातून स्रवणारी दाहकारक द्रव्ये थेट स्नायूपर्यंत व धमन्यांपर्यंत पोहोचू शकतात. धमन्यांतील अवरोध, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि हृदयाची दुर्बलता या तिन्हींशी या वाढीचा संबंध आढळला आहे. अमेरिकेत ६,७८५ व्यक्तींचा पंधरा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाभोवती अधिक मेद असलेल्या स्त्रियांत हृदय दुर्बल होण्याचा धोका सुमारे दुप्पट, तर पुरुषांत सुमारे दीडपट दिसला. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. तरी इशारा म्हणून तो पुरेसा आहे.

हा मेद इको, सीटी स्कॅन किंवा एमआरआय तपासणीत दिसतो. पण त्यासाठी प्रत्येकाने स्कॅन करून घेण्याची आवश्यकता नाही. घरातील शिवणकामाची टेप प्रथम पुरते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक भरली, तर वजन बेताचे असले तरी रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

आहार शाकाहारी आहे एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. फरसाण, मिठाई, मैद्याचे पदार्थ आणि दुकानात दिवसभर फिरणारा गोड चहा हेही शाकाहारीच आहेत. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणे, हे बाह्य तपांपैकी एक तप. ते पर्युषणापुरते न राहता रोजच्या ताटात उतरले, तर देहालाही त्याचा लाभ होतो. उपवासाच्या पारण्याला मात्र तुपातील पक्वान्नांनी सारी भरपाई करू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दीर्घ उपवासापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

हा मेद हटवादी नाही, ही त्यातली आशेची गोष्ट. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पोट सुटलेल्या व्यक्तींनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. दमछाक होईल अशा व्यायामाने हृदयालगतचा मेद ३२ टक्के, तर वजने उचलण्याच्या व्यायामाने २४ टक्के घटला. बसून काम करणाऱ्याने प्रारंभ झपझप चालण्याने करावा. वय अधिक असेल किंवा पूर्वीचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारून करावा.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानी ठेवावी. छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, ही लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून वेळ दवडू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय गाठण्यात जाणारे प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूची किंमत मोजत असते. तोडणीचा हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येतो. दुकानाची खतावणी रोज तपासणाऱ्या घराने वर्षातून एकदा कर्त्या माणसाच्या देहाचीही खतावणी तपासावी.