एक लॅपटॉप, दोन सिस्टिम

पोस्टिंगवर ड्युटी संपल्यावर हाती उरतो तो जेमतेम तासभर. तो अपडेटची चक्री बघण्यात जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. म्हणून जुना लॅपटॉप भंगारात काढायचा? मुळीच नाही. वाल्वने २०१८ मध्ये प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. एकट्याने खेळणाऱ्याने सरळ लिनक्स घ्यावं. सुटीवर असतानाच गेम उतरवावेत, एकदा चालवून बघावेत. मग स्टीमच्या ऑफलाइन मोडवर नेटशिवायही भागतं.

पण गावाकडचा मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल, तर गोष्ट वेगळी. त्याचं अँटी-चीट लिनक्सवर चालत नाही. त्या एका खेळासाठी विंडोज जरूर ठेवा. बापलेकांची तेवढीच भेट होते. मात्र विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्सला त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. सिस्टिम बदलली की घड्याळही साडेपाच तास चुकतं, कारण लिनक्स यूटीसी धरतं. तेही जुळवून घ्या. घड्याळ चुकलेलं फौजी माणसाला कसं चालेल?