तेरवी झाली, आता पुढे काय?

मागच्या शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून वाशीमला गेलो होतो. घरी गेलं की गावाकडे काकूकडे एक चक्कर ठरलेलीच. या वेळी तिच्या ओसरीवर अजून एक बाई बसलेली दिसली. जेमतेम माझ्या वयाची, शेजारच्या गावची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली. काकूने तिच्यापुढे चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "बोल्याची घाई नाही वं माय. बस." मग दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. तासभर तरी कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून ते दृश्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा शनिवार त्यावर.

माझे काका असेच गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याच्या दोन दिवस आधी त्यांचा मिस्ड कॉल आला होता. प्लेसमेंटच्या गडबडीत मी परत फोन केला नाही... हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

घरी तेरा दिवस माणसांची रीघ होती. पोलीस, तलाठी, पाहुणे, पुढारी. सगळ्यांचा प्रश्न एकच. का? कर्ज किती होतं? घरात काही झालं होतं का? नंतर कधीतरी काकू म्हणाली, "सारे कायले केलं इचारून गेले बाबू. तू जेवली का, हे कोनीच नाही इचारलं." तेरवी झाली, मांडव निघाला, मांडवाबरोबर माणसंही गेली.

आमच्या धंद्यात काही बंद पडलं की 'रूट कॉज' शोधतात. मीही वर्षभर तेच केलं. तो मिस्ड कॉल, शेवटची दिवाळी, शेवटचं बोलणं, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. पण माणूस म्हणजे सर्व्हर नव्हे, त्याचे लॉग मिळत नाहीत. आणि एकच एक कारण बहुतेक वेळा नसतंच.

सरकारी फाईलला मात्र कारण लागतं. 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यातल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आपलं वाशीमही होतं. त्याच वर्षीच्या शासन निर्णयाने शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाखाची मदत ठरली. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी शेती नावावर हवी, कर्ज हवं, तगादा हवा. मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवणार. पैसा लागतोच, त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण अपात्र हा शब्द त्या घरातल्या बाईच्या कानात कसा वाजत असेल, याचा विचार कोणी केलाय का? मेल्यानंतरही माणूस नापास!

'तेरवं' नावाचं एक नाटक आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतःच कामं केली. त्यातल्याच एक वैशाली येडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांचे पती 2011 साली गेले. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. बातमी संमेलनाच्या वादामुळे गाजली, हे खरं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जिला सगळे 'बिचारी' म्हणतात ती बाई तिच्यासारख्याच दहाजणींबरोबर उभी राहिली की तिला बोलता येतं.

1953 साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या एका पाद्रीने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी मदत सुरू केली. भेटायला येणाऱ्यांना बाहेर थांबावं लागे, तिथे काही स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, गप्पा ऐकायचे. थोड्याच दिवसांत वाराच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांचं काम बाहेरच होतंय, आतल्या साहेबाची गरजच पडत नाही. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था मोठी झाली. म्हणजे माझी काकू जे करते, तेच.

आता कोणी म्हणेल, सोयाबीनला भाव नाही आणि तू चहाच्या गोष्टी सांगतोस! बरोबर आहे. भावाची लढाई लढायलाच हवी. पण ती जिंकेपर्यंत त्या ओसरीवरच्या बाईने आजची रात्र कशी काढायची?

आपल्यासारखे लोक इथे एक चूक करतात. मीही केली. काका गेल्यावर चार महिन्यांत पुण्यातल्या एका संस्थेत स्वयंसेवक व्हायला गेलो. तिथल्या ताईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्याशी कोण बोललं आत्तापर्यंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी बोलायला या, ऐकायला नंतर. मला राग आला होता. आज वाटतं, वाचवलं त्यांनी मला. मी मदत करायला निघालोच नव्हतो, त्या मिस्ड कॉलची फेड करायला निघालो होतो. समोरच्याच्या दुःखावर आपलं कर्ज फेडायचं नसतं.

तर मंडळी, माझं मत सरळ आहे. स्वतःचं माणूस गेलं असेल तर आधी आधार घ्या, मग द्या. आणि दुसऱ्याच्या घरी असं झालं असेल तर चौदाव्या दिवशी जा. महिन्याने जा, वर्षश्राद्धालाही जा. 'का' विचारू नका. गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी काढा. तहसीलच्या चकरा मारायला सोबत जा. काही सुचलं नाही तर नुसते बसा.

फोनवर बोलायचं असेल तर 2022 पासून सुरू असलेला सरकारचा टेलिमानस आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था 2005 पासून ऐकून घेण्याचं काम करतेय.

परवा निघताना त्या बाईने काकूला विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ का?"

काकू म्हणाली, "शेंगा हायेत अजून. ये."