ताम्हिणीचा घाट आणि एक पाठभेद

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरले की माणगाव येते. देश मागे राहतो, कोकण सुरू होते. माती बदलते, बोलीचा हेल बदलतो. आणखीही एक गोष्ट बदलते, आणि तिची नोंद आपल्या साहित्यविचारात क्वचितच आढळते. ती म्हणजे नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसाचे हात. देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यांच्यात पुरुष उजवा हात डाव्यावर ठेवून नाभीखाली बांधतात. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई. ते छातीच्या खाली पण नाभीच्या वर हात बांधतात. कोकणच्या बंदरांत इस्लाम अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला, तर देशावर तो मुख्यतः उत्तरेकडून, मध्य आशियातील हनफी परंपरा घेऊन उतरला. कुराणाचे भाष्यकार मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे शाफईच होते. पुण्याच्या बोहरी वस्तीत गेलो तर तिथे हात बांधलेलेच नसतात, ते दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले असतात.

मराठीच्या अध्यापकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे, की मुळात हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या 'मुवत्ता'त उजवा हात डाव्यावर ठेवण्याविषयीची हदीस आहे. पण त्यांचे शिष्य इब्न अल-कासिम यांच्याद्वारे आलेल्या 'मुदव्वना'त, फर्ज नमाजात त्यांना ही रीत पसंत नव्हती, असे मत नोंदलेले आहे. गुरू एक, ग्रंथ दोन, आणि आचार परस्परांहून निराळे! वाइल इब्न हुज्र यांच्या नावावरील हदीस तर आणखी बोलकी आहे. इब्न खुझैमा यांच्या संग्रहात तिच्यात 'छातीवर' असे शब्द आहेत. इब्न अबी शैबा यांच्या 'मुसन्नफ'च्या काही हस्तलिखितांत 'नाभीखाली' हे शब्द आढळतात, काहींत ते नाहीत. अठराव्या शतकात मुहम्मद हयात सिंधी (मृत्यू १७५०) आणि ठठ्ठ्याचे मखदूम मुहम्मद हाशिम (मृत्यू १७६१) यांनी या शब्दांवरून परस्परविरोधी ग्रंथ लिहिले. हयात यांचे म्हणणे असे, की नक्कल करताना लेखनिकाची नजर पुढच्या नोंदीवर घसरली आणि तिथले शब्द इथे आले. ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली प्रत आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत शेजारी ठेवून ज्याने एखादा तास घेतला आहे, त्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

या वादात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हात कुठे बांधले याने काय बिघडते? दुसरे म्हणते, खरी रीत एकच, बाकी सारे अज्ञान. मला दोन्ही अमान्य आहेत. पहिल्यात भक्ताच्या देहाविषयी अनास्था आहे, दुसऱ्यात ग्रंथपरंपरेविषयी. तिर्मिझी (मृत्यू ८९२) यांनी नाभीच्या वर आणि खाली ही दोन्ही मते नोंदवून, जाणत्यांच्या लेखी इथे दोहोंना वाव आहे, असा निर्वाळा दिला. सुन्नी पंथांत हात बांधणे ही 'सुन्नत' मानली जाते; इथे या शब्दाचा अर्थ प्रेषितांचा परिपाठ. ती नमाजाची अनिवार्य अट नव्हे. म्हणजे प्रत्येक पक्षाने आपला पाठ प्राणपणाने मांडला, तरी दुसऱ्याची प्रार्थना रद्द ठरवली नाही. ही सहिष्णुता उदासीनतेतून आलेली नाही. ती कसून केलेल्या वादातून आली आहे.

ही शिस्त सुटली की काय होते, तेही इतिहासात आहे. 'आमीन' मोठ्याने म्हणावे की मनात, एवढ्यावरून मशिदीत तंटा झाला आणि १८८५ साली प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती सय्यद महमूद यांना त्यासाठी अरबी धर्मग्रंथांची चर्चा निकालपत्रात करावी लागली. आज पिरंगुटसारख्या औद्योगिक पट्ट्यात प्रांतोप्रांतीचे लोक येतात, आणि मोबाईलच्या पडद्यावर कुणीतरी 'एकमेव बरोबर' रीत शिकवत असतो. अशा वेळी नातू आजोबांचे हात सरकवू लागला, तर पुसली जाते ती केवळ एक सवय नव्हे. बंदरांवरून घाटापर्यंत आलेला काही शतकांचा प्रवास त्या हातांत असतो.

आपली स्वतःची जबाबदारी मात्र वेगळी आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) कोकणातल्या गावाची कादंबरी आहे. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते सोलापुरात. आपण वर्गात या दोन्ही भूमी एकाच 'मुस्लिम जीवना'च्या शीर्षकाखाली उरकतो. संतसाहित्यात वारकरी, महानुभाव, समर्थ यांचे भेद काटेकोरपणे शिकवणाऱ्या आपल्याला शेजाऱ्याचे भेद दिसू नयेत, ही अभ्यासाची उणीव आहे. जो पाठभेद ओळखत नाही, त्याला पाठही कळलेला नसतो. हे आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. ताम्हिणीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांच्या बाबतीत ते आपण स्वतःला कधी सांगणार?