खारघरचे औषध आणि घरचा आधार

रायगडच्या किनाऱ्यावरील व्यापारी घरांत कर्करोगाचे नाव पूर्वी उघडपणे घेतले जात नसे. ‘मोठे दुखणे’ एवढेच म्हणावयाचे आणि विषय बदलावयाचा, अशी रीत होती. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथून रुग्णाला घेऊन मंडळी परळ गाठीत. तेथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्या दुःखातून सर दोराबजींच्या मनात आलेला विचार त्यांच्या पश्चात विश्वस्तांनी पूर्णत्वास नेला. तेव्हापासून परळ हे नाव किनाऱ्यावरील घरांत आशेचे आणि धास्तीचेही झाले.

आज त्याच टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन व उपचार संस्था पनवेल तालुक्यातील खारघर येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच उभी आहे. येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार करण्यात आला. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनी ही पेशी प्रयोगशाळेत घडविली, तर टाटा केंद्राचे डॉ. गौरव नरूला आणि डॉ. हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा वाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या उपचाराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याचे लोकार्पण झाले.

हा उपचार समजण्यास कठीण नाही. आपल्या रक्तातील टी-पेशी या शरीराच्या राखणदार असतात. परंतु कर्करोगाची पेशी शरीराच्याच पेशीसारखी दिसत असल्याने राखणदाराला ती ओळखू येत नाही. म्हणून रुग्णाच्या टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढून घेतात, त्यांत एक नवे जनुक घालून शत्रूची खूण ओळखण्याची शक्ती त्यांना देतात, त्यांची संख्या वाढवितात आणि मग त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. ‘बी’ प्रकारच्या पेशींपासून होणारे काही रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग इतर उपचारांनंतर उलटले, तर हा मार्ग उपयोगी पडतो. २०२५ साली ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला अशा रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना या उपचाराचा गुण आला. परदेशात ज्यासाठी ३ ते ४ कोटी रुपये लागत, तो उपचार येथे सुमारे ३० ते ४० लाखांत होऊ लागला.

खारघरच्याच परिसरात प्रोटॉन किरणांचे राष्ट्रीय केंद्रही आहे. ११ मे २०२३ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. नेहमीचे क्षकिरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडील निरोगी अवयवांनाही भाजतात. प्रोटॉन मात्र ठरविलेल्या खोलीवर आपली शक्ती टाकून तेथेच थांबतो. त्यामुळे लहान मुलांच्या, तसेच मेंदूच्या तळाशी किंवा मणक्यालगत असलेल्या गाठींसाठी त्याचे मोल मोठे आहे.

या बातम्या वाचून मन हरखते, आणि तेथेच सावध राहिले पाहिजे. कार-टी उपचार स्तनाच्या, तोंडाच्या किंवा जठराच्या कर्करोगावरील आजचा उपचार नाही. प्रोटॉन किरणही प्रत्येकाला लागत नाहीत. ‘सर्वांत नवे आणि सर्वांत महाग तेच आपल्या माणसाला हवे’ असा आग्रह धरणारे कुटुंब प्रेमापोटीच तो धरते. परंतु योग्य औषध कोणते हे रोगाचा प्रकार ठरवितो, घराची ऐपत ठरवीत नाही.

स्वस्त उपायांतही किती सामर्थ्य असते, हे टाटा केंद्राच्याच दोन अभ्यासांनी दाखविले आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करण्याचे साधे औषध टोचावे, असा प्रयोग डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली १,६०० स्त्रियांवर झाला. ज्यांना ते टोचले त्यांच्यापैकी ९०.१ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांना टोचले नाही त्यांच्यापैकी ८६.४ टक्के. दुसरा अभ्यास डोके, तोंड व घसा यांच्या वाढलेल्या कर्करोगाचा. निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे अवघे २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला दिले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. कर्करोगावरील प्रगती म्हणतात ती हीदेखील आहे.

आता या प्रगतीची दुसरी बाजू. तिची चर्चा घराघरांत फार कमी होते.

केमोथेरपीच्या नावाने लोक घाबरतात ते मुख्यतः उलट्या, तोंडातील फोड, अशक्तपणा आणि वेदना यांना. यांवरील उपचार हीसुद्धा एक विद्या आहे आणि तीही पुढे गेली आहे. उलट्या थांबविण्यासाठी ओलान्झापीन हे औषध जगभर वापरले जाते, परंतु त्याने रुग्ण दिवसभर गुंगीत राहतो. २०२४ साली टाटा केंद्राच्या वैद्यांनी दाखवून दिले की १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी पुष्कळ कमी होते. ज्या रुग्णाला दुपारी नातवंडांशी चार शब्द बोलता आले, त्याला या शोधाचे मोल सांगावे लागणार नाही.

अशा शुश्रूषेला वैद्यकात उपशामक उपचार म्हणतात. ‘आता काही उरले नाही, तेव्हा हे द्यावयाचे’ असा त्याविषयी दृढ समज आहे. तो चुकीचा आहे. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना पहिल्यापासून उपशामक शुश्रूषा मिळाली, ते अधिक समाधानाने जगले. अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही इतरांपेक्षा ते सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. म्हणून वेदना व मळमळ यांचा वैद्य पहिल्या दिवसापासून हवा. अखेरच्या काळासाठी मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदन १९८६ पासून असे रुग्ण सांभाळीत आले आहे. देशातील अशा प्रकारचे ते पहिले शुश्रूषागृह.

वेदनेविषयी तर फारच गैरसमज आहेत. तीव्र वेदनेवर तोंडावाटे दिलेले मॉर्फीन हे प्रभावी आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशामनाच्या पायऱ्या आखून दिल्या व सर्वांत वरच्या पायरीवर या औषधाला स्थान दिले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक नियमांमुळे ते दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे केले. वेदनेसाठी वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनने रुग्ण व्यसनी बनत नाही आणि योग्य मात्रेने आयुष्यही कमी होत नाही. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला घ्यावे लागते. ‘सहन करतात ते थोर’ असे म्हणून माणसाला तळमळत ठेवणे ही सेवा नव्हे.

जैन घरांत येथे एक खरा पेच येतो. चौविहार पाळणारे वडीलधारे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि वेदनेचे औषध तर ठरलेल्या तासांनी घ्यावे लागते. पुष्कळदा रुग्ण हे वैद्यांना सांगतच नाही. रात्र कण्हत काढतो आणि सकाळी ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार नोंदली जाते. हे स्पष्टपणे सांगितल्यास मार्ग निघतो. दर १२ तासांनी घ्यावयाच्या मॉर्फीनच्या गोळ्या असतात. त्वचेवर लावावयाची फेन्टानिलची पट्टी एकदा लावली की साधारणतः तीन दिवस काम करते. उलटीची काही औषधे शिरेवाटे देता येतात. एवढे करूनही रात्री औषध घेण्याची वेळ आली, तर गुरुमहाराजांना विचारावे. पच्चक्खाणातच समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे, हे जाणकार श्रावकांना ठाऊक असते.

तपश्चर्येचेही तसेच. केमोथेरपी चालू असताना शरीराला प्रथिने व पाणी अधिक लागते. पर्युषणात उपवास करावा की आयंबील, हा निर्णय उपचार करणाऱ्या वैद्यांना न विचारता घेऊ नये. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या घरातही मूग, तूर, चणा, दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांतून पुरेशी प्रथिने मिळू शकतात. तोंडाला फोड आले असतील तर मुगाचे पातळ वरण, मऊ भात, ताक असे मवाळ, कमी तिखटाचे अन्न थोडे थोडे पण वारंवार द्यावे. रात्री अन्न घ्यावयाचे नसेल तर दिवसाच्या उजेडात पाच-सहा वेळा खाण्याची घडी घरातल्यांनी बसवावी. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाला आपले नियम प्रथमच सांगितले, तर तो त्याप्रमाणे आखणी करून देतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. केमोथेरपीनंतर काही दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात १०० अंशांच्या वर थोडाही ताप गेला, विशेषतः १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर ती तातडीची बाब असते. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणण्यास जागा नाही. श्रीवर्धनहून माणगावमार्गे किंवा मुरूडहून वडखळ, पेण, पनवेल करीत खारघर गाठण्यास काही तास जातात. म्हणून पहिली केमोथेरपी घेण्यापूर्वीच दोन गोष्टी वैद्यांना विचारून लिहून ठेवाव्यात. एक, ताप आल्यास जवळच्या कोणत्या रुग्णालयात जावे. दुसरी, तेथील डॉक्टरांना दाखवावयाच्या उपचारांचा संक्षिप्त कागद कोणता. घरात तापमापक असावा आणि तो कोठे ठेवला आहे हे सर्वांना माहीत असावे.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र औषधांचा नाही. तो मौनाचा आहे. ‘पप्पांना सांगू नका, ते खचतील’ असे मुले म्हणतात. ‘मुलांना कळू देऊ नका, दुकान कोण पाहील’ असे वडील म्हणतात. ‘बाहेर कळले तर मुलीच्या लग्नाचे कसे होईल’ अशी धास्ती सर्वांनाच असते. परिणाम असा होतो की रुग्णाला आपल्याच देहाविषयी सर्वांत शेवटी कळते. बहुतेक वेळा त्याला ते केव्हाच उमगलेले असते. तो इतरांसाठी अजाण असल्याचे सोंग करतो आणि भीती एकट्याने वाहतो. जे बोलावयाचे, ज्याची क्षमा मागावयाची, जो व्यवहार मिटवावयाचा, ते सारे राहून जाते. किती जाणून घ्यावयाचे हे रुग्णालाच विचारावे आणि तो विचारील तेवढे खरे सांगावे, असे या विषयातले वैद्य सांगतात. मुलीच्या लग्नाच्या भीतीलाही उत्तर आहे. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, आणि बहुतांश कर्करोग थेट आनुवंशिक नसतात. आनुवंशिकतेची शंका असेल तर जनुकीय सल्ला घेता येतो. लपविण्यापेक्षा तो बरा.

पैशाचा हिशोबही उघड्यावर असावा. उधारीची वही, देणी-घेणी, विम्याचे कागद, बँकेतील नामनिर्देशन हे सारे रुग्ण धडधाकट असतानाच घरातल्या दोघांना दाखवून ठेवावे. यात अपशकुन काही नाही. ज्या घराने आयुष्यभर दिवाळीला वहीपूजन केले, त्याला वही उघडण्याचे भय नसावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. तिचे पहिले रूप २०१२ साली राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत आले, त्यांत रायगडही होता. ‘योजना गरिबांसाठी, आपल्यासाठी नाही’ असे गृहीत धरून पुष्कळ दुकानदार चौकशीच करीत नाहीत. रुग्णालयातील समाजसेवा विभागात शिधापत्रिका घेऊन एकदा विचारावे.

समाजाला करण्यासारखेही खूप आहे. परळला हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेने गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्या मुखी अन्न पोहोचविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने बाहेरगावच्या रुग्णांना छप्पर दिले. आता उपचार खारघरला होतात, तर तेथेही दूरवरून आलेल्यांना निवास, सात्त्विक जेवण आणि रुग्णालयात नेणारी गाडी यांची गरज आहे. पेण, अलिबाग, रोहा येथील संघांनी दर महिन्याला एक फेरी आपल्यावर घेतली, तरी कित्येक घरांचे ओझे हलके होईल. ज्यांच्या दुकानात तंबाखूच्या पुड्या लटकलेल्या असतात, त्यांनी त्या उतरविण्याचा विचारही याच निमित्ताने करावा. तोंडाच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी तेथेच आहे, आणि या एका बाबतीत व्यापाऱ्याच्या हातात वैद्यापेक्षा अधिक आहे.

रुग्णालयात पहिल्यांदा जाल तेव्हा ‘बरे होईल का’ या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: वेदना व मळमळ यांसाठी कोणाला भेटावयाचे? आमचे आहाराचे नियम सांभाळून औषधांची वेळ कशी बसवावयाची? आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करावयाचा? उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद घरातल्या देवघराशेजारी किंवा दुकानाच्या गल्ल्यात, जेथे सर्वांचा हात पोहोचतो तेथे ठेवावा.