खानावळीपर्यंत पोचणारे धोरण

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला खोली मिळत नाही. महाबळेश्वरच्या लॉजवाल्याला फोन लावला तर तो 'भाऊबीज झाल्यावर बघा' म्हणतो, आणि पुण्या-मुंबईत जेवायला बाहेर पडलेले कुटुंब दारातल्या वहीत नाव लिहून पाऊण तास ताटकळते. ही गर्दी पाहिली की हॉटेलधंदा करोनातून पुरता सावरला असे कोणालाही वाटेल. मंत्रालयातही तसेच वाटत असावे. गेल्या दोन-तीन वर्षांतले निर्णय पाहिले तर या धंद्याला हात द्यायला हवा असे आता कोणी म्हणत नाही, महसूल कुठून वाढवायचा ही चर्चा निघाली की मात्र त्याचे नाव आधी घेतले जाते. गल्ल्यापुढची रांग सगळ्यांना दिसते. हप्ते, थकलेले भाडे, वीज, गॅस आणि पगार भागवून रात्री गल्ल्यात काय उरते, हे फक्त मालकाला ठाऊक असते. म्हणून या अंकाचे पहिले पान आम्ही खानावळ, मिसळीचे दुकान, एसटी स्टँडसमोरचा लॉज आणि कोकणातले न्याहारी-निवासाचे घर चालवणाऱ्यांसाठी राखले आहे. तारांकित हॉटेलांची बाजू मांडायला त्यांच्या संघटना समर्थ आहेत.

झाले काय होते, ते आठवायला हवे. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला. महाराष्ट्रात लॉज आणि निवासी हॉटेले 8 जुलैला एक तृतीयांश क्षमतेने उघडली. बसून जेवायला परवानगी मिळायला 5 ऑक्टोबर उजाडला, तीही निम्म्या टेबलांपुरती. घडी बसते न बसते तोच 2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा नुसते पार्सल सुरू झाले. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत आणि दिवाळीच्या तोंडावर मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळाली. आजची भाजी आजच खपली पाहिजे आणि आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही, असा हा धंदा. त्याने दीड वर्ष ही उघडझाप सोसली.

या काळात मदत कोणत्या रूपात आली, यावर आज उभे राहणे किती जड जाते ते ठरले आहे. ब्रिटनने जुलै 2020 मध्ये हॉटेले आणि उपाहारगृहांवरचा कर 20 वरून 5 टक्क्यांवर आणला आणि घरी बसलेल्या कामगाराच्या पगारातला 80 टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारने उचलला. जर्मनीने हॉटेलातल्या जेवणावरचा कर 19 वरून 7 टक्के केला. अमेरिकेने 2021 मध्ये उपाहारगृहांसाठी 28.6 अब्ज डॉलरचा वेगळा निधी काढला. आपल्या तिजोरीची ऐपत त्यांच्याएवढी नाही, हे मान्य. पण आपल्याकडे जे मिळाले ते मुख्यतः कर्ज होते. केंद्राची आपत्कालीन कर्जहमी योजना 2021 मध्ये आदरातिथ्य क्षेत्रासाठी विस्तारली आणि 2022 च्या अर्थसंकल्पात तिची हमी आणखी 50,000 कोटींनी वाढवून ती वाढ याच क्षेत्रासाठी राखली. रिझर्व्ह बँकेने जून 2021 मध्ये 15,000 कोटींची कर्जखिडकी उघडली. हे आकडे मोठे आहेत, पण हमीच्या कर्जाचे मोजमाप फेब्रुवारी 2020 अखेर खात्यावर असलेल्या जुन्या कर्जावरून होत होते. ज्याने बँकेची पायरीच चढलेली नव्हती, पतसंस्थेतून, भिशीतून किंवा घरातले सोने गहाण ठेवून धंदा उभा केला होता, त्याला यातले काहीच मिळाले नाही. ज्यांना मिळाले त्यांनी दुकान पुन्हा उघडले, ते कर्ज डोक्यावर घेऊनच.

टाळेबंदीतले कोणत्याही बंद खानावळीचे वीजबिल काढून पाहावे. वापरलेली युनिटे नावापुरती, पण खाली 'स्थिर आकार' म्हणून एक रक्कम छापलेली असते. भट्टी पेटो न पेटो, ती द्यावीच लागते. राज्य वीज नियामक आयोगाने 30 मार्च 2020 ला औद्योगिक आणि वाणिज्यिक ग्राहकांना तीन बिलांपुरती हा आकार भरण्यास मुदत दिली. मुदत दिली, माफी दिली नाही. मुदत संपली तेव्हा बसून जेवण अजून बंदच होते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवान्याचे शुल्क आणि जागेचे भाडे यांचीही तीच गत. लहान हॉटेल गिऱ्हाईक नसल्याने जेवढे बुडते, त्याहून अधिक ते या न थांबणाऱ्या खर्चांनी बुडते. राज्याच्या हातात जे काही आहे ते नेमके याच खर्चांमध्ये आहे, आणि राज्याने प्राधान्य कशाला द्यावे या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर हेच आहे.

हे राज्याला कळलेले नाही असे नाही. आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन 1 एप्रिल 2021 पासून वीज, पाणी, मालमत्ता कर आणि अकृषिक कर औद्योगिक दराने आकारण्याचा निर्णय महाराष्ट्राने ऐन संकटात घेतला. त्याआधी, 2020 मध्येच, या धंद्याला लागणारे सत्तरच्या घरातले परवाने दहावर आणायचे ठरले. दोन्ही निर्णय चांगले होते आणि त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. पुढे राजस्थाननेही 2022 च्या अर्थसंकल्पात पर्यटन आणि आदरातिथ्याला उद्योगाचा दर्जा दिला. अडचण अंमलबजावणीच्या वाटेत आहे. आधी तारांकित वर्गीकरण झालेली हॉटेले, मग किमान निकष पूर्ण करून पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली, असा हा क्रम. ज्याच्याकडे सनदी लेखापाल आणि कागद सांभाळणारा व्यवस्थापक आहे, तो सवलतीपर्यंत पोचतो. जो स्वतः पहाटे भाजी आणतो, दुपारी गल्ल्यावर बसतो आणि रात्री शटर ओढतो, त्याच्या बिलावर 'वाणिज्यिक' हाच शिक्का राहतो. अन्न परवाना आणि दुकानाची नोंद सरकारदरबारी आधीच असते. या दोन क्रमांकांवरून लहान हॉटेलाचा वीजदर आपोआप बदलावा, अर्ज करायला लावू नये. जी सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही, ती लहान माणसापर्यंत जात नाही, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

एका बाजूला हा उद्योगाचा दर्जा आणि दुसऱ्या बाजूला परमिट रूमवरचे कर. 1 नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर 5 वरून 10 टक्के झाला. 2025-26 साठी परवाना शुल्क 15 टक्क्यांनी वाढले. 2025 च्या जूनमध्ये ठराविक किमतीपर्यंतच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क जाहीर उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेले. 14 जुलैला राज्यभरातल्या परमिट रूमवाल्यांनी बंद पाळला, तो यामुळे. दारू महाग व्हावी असे म्हणणारे आमचे अनेक वाचक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कर लावण्याचा सरकारचा अधिकारही निर्विवाद आहे. तरीही दोन वर्षांच्या आत एकाच माणसावर तीन बाजूंनी वाढ आली, तर तो अधिकृत परवान्याचा धंदा कमी करतो आणि गिऱ्हाईक दुकानातून बाटली घेऊन गाडीत, गच्चीवर, धाब्यामागे बसते. त्यात महसूलही बुडतो आणि शिस्तही. परवाना शुल्क पुढची तीन वर्षे किती राहील, हे एकदाच जाहीर करावे. धंदेवाईक माणसाला दर जास्त असल्यापेक्षा तो कधी बदलेल हे माहीत नसल्याचा जाच अधिक होतो.

केंद्राच्या अखत्यारीतली एक गोष्ट बरी घडली. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. हजार रुपयांखालच्या खोलीला जुलै 2022 पर्यंत करच नव्हता. तो लावून गरीब प्रवाशावर जो बोजा टाकला होता, तो आता काहीसा उतरला. या नव्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे खोल्यांची डागडुजी काढणाऱ्या लॉजवाल्याला ती महागच पडेल. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा शब्द वजनदार आहे. तो तिथे वापरावा.

आता कोकण, कारण धोरण आणि माणूस यांच्यातले अंतर तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि त्या बागांतच पर्यटकांच्या खोल्या होत्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने मालवण-देवगडला झोडपले. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेले आणि बाजारपेठेतली हॉटेले चिखलाने भरली. म्हणजे इथे महामारीच्या जोडीला वादळ होते, आणि वादळाच्या पंचनाम्यात घर, गोठा, झाडे मोजली जातात. पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचे छप्पर कोणत्या रकान्यात लिहायचे, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. घराचे मोजले तर ते घर नसते आणि धंद्याचे मोजले तर कागद नसतो.

पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी आणि निवास योजना कोकणात चांगली रुजली. सकाळी घावणे-चटणी, दुपारी माशाचे कालवण आणि रात्री पेजेची विचारणा करणाऱ्या मावशी, हीच इथल्या पर्यटनाची खरी गुंतवणूक आहे. जून 2023 मध्ये आलेल्या 'आई' धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा ठेवला आहे. आम्हाला हे धोरण मनापासून पटते, कारण त्याचे माप माणसाएवढे आहे. 2024 च्या पर्यटन धोरणाचे माप वेगळे: दहा वर्षांत एक लाख कोटींची खासगी गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार. ते व्हावे. पण मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि ऑक्टोबर 2021 मध्ये उघडलेल्या चिपी विमानतळावरून विमानसेवा कधी असते, कधी नसते. लाख कोटींच्या आकड्याआधी हा रस्ता धड करा, असे मालवणातला माणूस म्हणतो. त्याचे म्हणणे आम्ही जसेच्या तसे सरकारपुढे ठेवतो. त्याच्या दोन खोल्यांना पंचनाम्यात रकाना आणि विम्यात हप्त्यातली सवलत, एवढे तरी येत्या पावसाळ्याआधी व्हायला काहीच हरकत नाही.

आणि कामगार. टाळेबंदीत नेपाळचा, ओडिशाचा, उत्तराखंडचा, उडुपीकडचा माणूस गावी गेला. हात बसलेला आचारी परत आला नाही तर खानावळीची चवच जाते, मग मालकाने कितीही कर्ज काढावे. जे परत आले ते आजही रात्री शेवटचे टेबल पुसून त्याच टेबलावर किंवा माळ्यावर अंथरूण टाकतात. गॅसच्या टाक्या आणि तेलाचे डबे तिथून चार हातांवर असतात. सकाळी सहाला दूधवाल्याने शटर वाजवले की दिवस सुरू.

अशा वेळी राज्य मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 ला दुकाने व आस्थापना कायद्यात दोन बदल मंजूर केले. दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा तास, आणि कायद्याची पूर्ण अंमलबजावणी दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. पाठोपाठ 1 ऑक्टोबरच्या शासन निर्णयाने मद्य न देणाऱ्या हॉटेलांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा स्पष्ट केली. चोवीस तासांची मुभा आम्हाला मान्य आहे. रात्रपाळीचे कामगार आणि प्रवासी यांना गरम जेवण मिळावे. पण राज्यातली बहुतेक खानावळी, मिसळवाले, लॉज वीसपेक्षा कमी माणसांवर चालतात. म्हणजे ज्या धंद्याचे तास वाढण्याची शक्यता सर्वाधिक, तिथलाच कामगार कायद्याच्या नजरेबाहेर जातो. मालकाला दिलासा द्यायचा तर तो वीजबिलात द्यावा, पोऱ्याच्या झोपेतून काढून देऊ नये. आमच्या मते हा बदल मागे घ्यावा आणि आपोआप लागलेला औद्योगिक वीजदर त्याच हॉटेलाला चालू ठेवावा, जिथे प्रत्येक कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे, पगार बँकेत जमा होतो आणि झोपायला स्वयंपाकघराबाहेरची जागा आहे. ही अट जाचक नाही. चांगले मालक आजही ती पाळतात आणि त्यांच्याकडे माणसे वर्षानुवर्षे टिकतात.

दादरला 1954 साली स्थापन झालेली, हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था आहे, पुण्यात राज्याची स्वतःची आहे. तिथून बाहेर पडणारी मुले मोठ्या हॉटेलांत, जहाजांवर, परदेशात जातात, आणि जावीत. खानावळीच्या आचाऱ्याला मात्र शिकायला एकच शाळा, ती म्हणजे वस्तादाच्या शिव्या. तीन महिन्यांचा, मराठी-हिंदीतून चालणारा, पगार न बुडवता करता येणारा अभ्यासक्रम आयटीआयमधून सुरू व्हावा. स्वच्छता, आगीपासून बचाव, हिशेब आणि चार प्रांतांचे पदार्थ त्यात असावेत.

यातला बराच भाग मंत्रालयाच्याही खाली, नगरपालिका आणि महापालिकांत ठरतो. मालमत्ता कर, ओल्या कचऱ्याची सोय, अग्निशमन दलाचे ना-हरकत पत्र तिथून मिळते, आणि मुंबईसह अनेक महापालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 माणसे गेली, तेव्हापासून तपासण्या वाढल्या. लहान गाळ्याला परवडेल असा सुरक्षेचा आराखडा मात्र अजून कोणी दिला नाही. स्थानिक निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपल्या गल्लीतल्या खानावळवाल्याने आणि तिथे जेवणाऱ्या प्रत्येकाने विचारावे, की या गाळ्यांचा कर कोणत्या दराने लावणार आणि आगीच्या तपासणीची तारीख आधी कळवणार का. उत्तर लेखी घ्यावे.