उपासनेपूर्वी अनुमती

इंग्लंडात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील सहा-सात वर्षांचे मूल चर्चच्या प्राथमिक शाळेत जाऊ लागते, आणि आज सभागृहात मेणबत्ती लावली, सर्वांनी डोळे मिटून प्रार्थना केली व शेवटी ‘आमेन’ म्हटले, हा वृत्तान्त घरच्या देव्हाऱ्यापाशी बसलेल्या आजीला उत्साहाने सांगते, तेव्हा त्या घरात क्षणभर एक अवघडलेली शांतता पसरते. तीत रोष बहुधा नसतो. मात्र आपणांस कोणी विचारले नाही, ही जाणीव असते, आणि ती मला अत्यंत न्याय्य वाटते.

ह्या शाळांचा पूर्वेतिहास आदरणीय आहे. गोरगरिबांच्या मुलांना शिकविणे हे आपले कर्तव्य आहे असे तेथील सरकारला वाटू लागण्याच्या कितीतरी आधी, १८११ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल सोसायटी’ने गावोगाव चर्चच्या शाळा काढल्या, आणि आजही त्या देशात सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा इंग्लंडच्या चर्चशी संलग्न आहे. करुणा, क्षमा, कृतज्ञता हे शब्द तेथील भिंतींवर लिहिलेले असतात, आणि सुगीच्या सणाला मुलांनी घरून आणलेले डबाबंद अन्न गरजूंना पोचविले जाते. मूल्ये तेवढी राखा आणि उपासना वगळा, असे सुचविणारे सज्जन पुष्कळ आहेत. परंतु वारीतली समता हवी आणि विठ्ठल मात्र नको, असे म्हणण्यासारखेच ते आहे. ख्रिस्ती क्षमेचे मूळ क्रुसापाशी आहे, आणि ज्या शाळेची त्यावर श्रद्धा आहे तिने ते लपवून ठेवावे, अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय होईल.

माझा आक्षेप उपासनेला नाही, अनुमतीच्या रीतीला आहे. १८७० च्या इंग्रजी कायद्याने धर्मविधी शाळेच्या वेळेच्या आरंभी किंवा अखेरीसच ठेवावयास लावले, ते पालकाला आपले मूल त्यांतून सहज काढून घेता यावे म्हणून. १९४४ च्या कायद्याने दैनंदिन सामुदायिक उपासना सक्तीची केली, तरी ही मुभा कायम राखली, आणि ती अद्याप आहे. परंतु मुभा मागावयास अर्ज पालकानेच करावयाचा असतो, आणि पुष्कळ खेड्यांत चर्चची शाळा हीच एकमेव शाळा असल्यामुळे, नव्याने आलेल्या, मुख्याध्यापकांशी बोलतानाही संकोचणाऱ्या मातापित्यांकडून तो अर्ज सहसा होत नाही. झालाच, तर वर्गमित्र सभागृहात गात असताना ते मूल एखाद्या रिकाम्या खोलीत चित्रे रंगवीत बसते, आणि आपण काय अपराध केला हे त्याला कळत नाही.

आपल्या संविधानाने ह्याच्या उलट मार्ग स्वीकारला. राज्याची मान्यता अथवा अनुदान असलेल्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत, स्वतःची किंवा अज्ञान असल्यास पालकाची संमती असल्यावाचून, कोणालाही धर्मशिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे अनुच्छेद २८ (३) सांगतो. तेथे नकार कळवावा लागतो, येथे होकार मिळवावा लागतो. होकार मिळवू पाहणाऱ्या शाळेला आपल्या उपासनेचा अर्थ पालकांना समजावून सांगावा लागतो, आणि सभागृहाबाहेर राहणाऱ्या मुलांसाठी सन्मानाची सोय आधीच करून ठेवावी लागते. ज्या धर्मात शेजाऱ्यावरील प्रीतीला इतके उच्च स्थान आहे, त्याच्या शाळांना हे ओझे वाटू नये.

मात्र आपली तरतूद कागदावर राहून भागणार नाही. प्रवेशपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीखाली घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आणि हे मिशनच्या शाळांइतकेच हिंदू, मुसलमान, जैन वा शीख संस्थांच्या शाळांनाही लागू आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश देताना ह्या सर्व संस्थांच्या चालकांनी पालकांना समोर बसवून, आपल्या शाळेत कोणती प्रार्थना होते व ती का होते हे सांगावे, आणि मगच त्यांची अनुमती मागावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.